लोहारपुत्र मायकेल फॅरडे आणि तलवारीचे पोलाद

मायकेल फॅरडे हे नाव शाळेतील शास्त्राच्या पुस्तकांतून बहुतेकांच्या परिचयाचे झालेले असते. चुंबकापासून वीज निर्माण करण्याचा मार्ग ज्यांनी दाखविला आणि ज्यांच्या शोधावर आजची विद्युज्जनित्रे उभी आहेत, ते थोर शास्त्रज्ञ, एवढी त्यांची ओळख सर्वांस असते. परंतु हा महापुरुष एका लोहाराचा मुलगा होता, आणि विजेच्या कीर्तीपूर्वी ऐन उमेदीची पाच-सहा वर्षे त्याने पोलादाच्या भट्टीपुढे घालविली, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. त्या पोलादाचा आपल्या देशाशी, किंबहुना मुंबई बंदराशीही संबंध आहे, हे तर त्याहूनही कमी लोकांस ठाऊक असते. ऐरणीचा नाद ऐकत लहानाचे मोठे झालेले पुष्कळ वाचक या स्मरणिकेस लाभलेले आहेत. त्यांच्यापुढे हे चरित्र आम्ही या दुसऱ्या बाजूने मांडू इच्छितो.

फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनलगतच्या न्यूइंग्टन बट्स या भागात झाला. त्यांचे वडील जेम्स फॅरडे हे उत्तर इंग्लंडातील वेस्टमोर्लंडच्या डोंगराळ मुलखातील. पोटाच्या पाठीमागे लागून ते लंडनास आले आणि तेथे लोहारकाम करू लागले. माणूस कष्टाळू व धर्मशील, पण प्रकृतीने खंगलेला. ज्या दिवशी हात चालत नसे त्या दिवशी घरात पैसा येत नसे. चार मुलांचा संसार आई मार्गारेट हिने मोठ्या नेटाने सांभाळला. १८०१ साली धान्याचे भाव कडाडले, तेव्हा या कुटुंबातील मायकेलच्या वाट्यास आठवड्यास एक पाव येई व तो त्यास सात दिवस पुरवावा लागे. शिक्षण म्हणाल तर वाचणे, लिहिणे आणि थोडी आकडेमोड, एवढ्यावरच शाळा संपली.

१८०४ साली मायकेल जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे वर्तमानपत्रे पोहोचविणारा पोऱ्या म्हणून राहिला. मुलाची सचोटी पाहून रीबोने पुढील वर्षी कोणतीही रक्कम न घेता त्यास सात वर्षांच्या करारावर पुस्तकबांधणीच्या कामास उमेदवार म्हणून ठेवून घेतले. थोरला भाऊ रॉबर्ट बापाच्या धंद्यात शिरला आणि मायकेलच्या हाती हातोड्याऐवजी पुस्तकांचा दोरा आला. बांधावयास आलेली पुस्तके तो वाचीत असे. ज्ञानकोशातील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या विदुषीचे रसायनावरील संवादरूप पुस्तक यांनी त्याच्या मनाची दिशा ठरविली. वाचलेले खरे की खोटे हे दोन-चार आण्यांच्या सामानावर स्वतः करून पाहावयाचे, ही सवय त्यास तेव्हाच लागली. ती सवय, आम्हांस वाटते, लोहाराच्या घरातली होती. लोखंड तापले की नाही हे लोहार कोणाच्या सांगण्यावरून मानीत नाही. रंग पाहतो, घाव घालतो आणि मग बोलतो.

१८१० साली वडील वारले. त्याच सुमारास जॉन टॅटम यांच्या घरी शास्त्रीय विषयांवर व्याख्याने होत. प्रत्येक व्याख्यानास एक शिलिंग शुल्क असे. ते शिलिंग लोहारकाम करणारा रॉबर्ट आपल्या कमाईतून धाकट्या भावास देई. जगाच्या इतिहासात या शिलिंगांची नोंद व्हावी अशीच त्यांची योग्यता आहे. पुढे १८१२ साली रीबोच्या एका गिऱ्हाइकाने मायकेलला सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. त्याने ती व्याख्याने टिपून घेतली, सुवाच्य लिहून काढली, चित्रे घातली, स्वतःच्या हाताने बांधली आणि तो ग्रंथ नोकरीच्या अर्जासह डेव्हींकडे पाठविला. १ मार्च १८१३ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत प्रयोगशाळेतील मदतनीस म्हणून त्याची नेमणूक झाली. वेतन आठवड्यास २५ शिलिंग आणि राहावयास संस्थेच्याच इमारतीत वरच्या दोन खोल्या.

त्याच वर्षी डेव्हींबरोबर तो युरोपच्या प्रवासास निघाला. या प्रवासात डेव्हींच्या पत्नीने त्यास गड्यासारखे वागविले; ते दुःख त्याने मुकाट्याने गिळले. पण १८१४ साली फ्लॉरेन्स येथे त्याने जे पाहिले ते मोलाचे होते. तेथील मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून डेव्ही व फॅरडे यांनी हिरा जाळला, आणि हिरा व कोळसा हे एकाच कार्बनाचे दोन अवतार आहेत याचा प्रत्यय घेतला. हाच कार्बन लोखंडात किंचित मिसळला की पोलाद होते. कोळसा, हिरा आणि पोलाद यांना जोडणारे हे सूत्र चार वर्षांनी त्यांच्या उपयोगी पडणार होते.

आता मूळ विषयाकडे वळू. तलवारीस पोलाद कोणते असावे, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. पोलाद जितके कठीण तितकी धार टिकाऊ, हे कोणीही सांगेल. परंतु तलवार म्हणजे वस्तरा नव्हे. वस्तऱ्याचे पाते बोटभर असते व त्यास केसापलीकडे शत्रू नसतो. तलवारीचे पाते हात-दीड हात लांब. ते ढालीवर आदळते, हाडावर अडते, दुसऱ्या पात्याशी झुंजते. तेथे नुसता कठीणपणा घात करतो. अतिकठीण पाते काचेसारखे दुभंगते आणि ते दुभंगते ते नेमके प्राणसंकटाच्या क्षणी. उलट पोलाद फार मऊ असेल तर पाते मोडत नाही, पण वाकते आणि वाकलेलेच राहते. म्हणून तलवारीच्या पोलादात धारेचा कडवेपणा आणि कण्याचा लवचीकपणा हे परस्परविरोधी गुण एकत्र नांदावे लागतात.

हे गुण मुख्यतः कार्बनाच्या प्रमाणावर अवलंबून असतात. घडीव लोखंडात कार्बन जवळजवळ नसतो. ते वाकते, ताणले जाते, पण धार धरीत नाही. बिडात तो शेकडा दोनांहून अधिक असतो; बीड घणाखाली फुटते. पोलाद या दोहोंच्या मध्ये. पण प्रमाण साधले म्हणजे काम झाले असे नव्हे. लाल तापलेले पाते एकदम पाण्यात किंवा तेलात बुडविले की ते अतिशय कठीण व ठिसूळ होते. मग त्यास पुन्हा मंद तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवावा लागतो. ज्यास आपण पाणी देणे म्हणतो त्यात ही सारी विद्या सामावलेली आहे. चांगले पोलाद वाईट पाण्याने वाया जाते. पण मुळातच वाईट असलेले पोलाद कितीही चांगल्या पाण्याने सुधारत नाही. म्हणून निवड आधी, कसब मागून.

अठराव्या शतकात इंग्लंडातील पोलादाची हीच अडचण होती. लोखंडाच्या पट्ट्या कोळशात पुष्कळ दिवस भाजून पोलाद करीत. कार्बन वरवर अधिक व गाभ्यात कमी मुरे, आणि पाते एका जागी कठीण तर दुसऱ्या जागी मऊ निघे. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने आपल्या कमानींसाठी चांगले पोलाद मिळेना म्हणून ते मुशीत वितळविण्याची रीत बसविली, आणि शेफील्ड गाव त्यामुळे नावारूपास आले. मुशीत पूर्ण वितळल्यामुळे पोलाद एकजीव होऊ लागले. इंग्लंडास ही गोष्ट नवी वाटली, परंतु दक्षिण हिंदुस्थानातील लोहार शेकडो वर्षांपासून मुशीतच पोलाद करीत आले होते.

हैदराबादकडील तेलंगण, म्हैसूर, सेलम या प्रदेशांत लोखंडाचे तुकडे मातीच्या लहान मुशीत घालीत, सोबत तरवडाचे लाकूड व रुईची पाने ठेवीत, तोंड मातीने बंद करीत आणि भात्याच्या वाऱ्यावर अनेक तास कडक आच देत. मूस सावकाश निवू देत. फोडल्यावर आत पोलादाची चकती मिळे. कानडीतील उक्कू या शब्दाचा युरोपीय जिभांवर वूट्झ असा अपभ्रंश झाला. याच चकत्या समुद्रमार्गे इराणास व पश्चिम आशियात जात, आणि तेथील कसबी हातांनी त्यांची ती पाणीदार पाती घडत, ज्यांच्या अंगावर वाऱ्याने हललेल्या तळ्यासारख्या लहरी दिसत व ज्यांस युरोपीय लोक दमास्कसचे नाव देत.

मुंबईत राहणारे डॉ. हेलेनस स्कॉट यांनी १७९४ साली या पोलादाचे नमुने लंडनास रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. पुढील वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांचे पृथक्करण प्रसिद्ध केले. त्या नमुन्यांची घडण करून पाहण्याचे काम जेम्स स्टोडार्ट या शस्त्रकाराकडे आले. शल्यवैद्यांची हत्यारे, वस्तरे व चाकू करणारा हा लंडनचा नामांकित कारागीर त्या पोलादावर इतका लुब्ध झाला की, हिंदी पोलाद युरोपातील सर्वोत्तम पोलादाहून आपणांस अधिक पसंत आहे, अशा आशयाची जाहिरातच तो आपल्या दुकानाच्या पत्रिकेवर करू लागला. मात्र हा माल थोडा येई, अनियमित येई आणि तो कसा होतो हे कोणास नीट उमगले नव्हते.

१८१८ च्या सुमारास हा स्टोडार्ट आणि तरुण फॅरडे एकत्र आले. एकाजवळ ऐरणीचे आयुष्यभराचे ज्ञान, दुसऱ्याजवळ प्रयोगशाळेची शिस्त. एक जण सांगे की हे पोलाद घणाखाली असे वागते. दुसरा विचारी की तसे का वागते. रॉयल इन्स्टिट्यूशनच्या तळघरातील भट्टीत मुशी चढू लागल्या. त्याच काळात, १८१९ साली, फॅरडे यांनी वेल्समध्ये पायी प्रवास केला व दावलाइस येथील प्रचंड लोखंडी कारखाना डोळ्यांखाली घातला.

१८१९ सालीच हिंदी पोलादाच्या पृथक्करणावरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या पोलादात ॲल्युमिनियमचा अंश असून त्यामुळेच त्यास श्रेष्ठत्व आले आहे, असे त्यांना वाटले. हा निष्कर्ष पुढे टिकला नाही. डेव्हिड मुशेट यांनी त्यापूर्वीच या पोलादात कार्बन अधिक असल्याचे सुचविले होते, आणि तीच दिशा बरोबर होती. परंतु एक गोष्ट फॅरडे व स्टोडार्ट यांनी अचूक हेरली. पात्यावरील त्या लहरी वेगवेगळ्या पट्ट्या जोडून घातलेल्या नव्हेत. पोलाद गोठताना त्याच्या आत जी स्फटिकरचना होते तिचे ते बाह्य रूप होय, आणि तेजाब लावताच ते उघडे पडते, असे त्यांनी दाखविले. तलवार पाहणाऱ्याने पात्याच्या पाण्यावरून पोलादाची जात ओळखावी, या जुन्या पारखीस अशा रीतीने शास्त्राचा आधार मिळाला.

पोलादात दुसरी एखादी धातू मिसळली तर त्याचे गुण वाढतील काय, हा त्यांचा पुढचा प्रश्न. याची प्रेरणा अंशतः आकाशातून पडलेल्या लोखंडाने दिली. अशा लोखंडात निकेल असते, हे तेव्हा नुकतेच कळले होते. खास घडवून घेतलेल्या तलवारीस लोखंड निवडण्याची दोन उदाहरणे येथे सांगण्यासारखी आहेत. १६२१ साली जालंदरजवळ उल्का पडली, तेव्हा जहांगीर बादशहाने तिच्या लोखंडाची शस्त्रे घडविण्याची आज्ञा केली. उस्ताद दाऊद या कारागिराने पाहिले की ते लोखंड घणाखाली टिकत नाही, विस्कटते. तेव्हा त्याने तीन भाग उल्कालोह व एक भाग साधे लोखंड असे मिश्रण करून दोन तलवारी, एक खंजीर व एक सुरी घडविली. जहांगिराने ही हकीकत स्वतःच्या आत्मवृत्तात नोंदविली आहे, आणि १८०३ साली ती लंडनच्या विद्वानांपुढे आली. दुसरे उदाहरण १८१४ सालचे. जेम्स सॉवर्बी या निसर्गशास्त्रज्ञाने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडून आलेल्या उल्कालोहाची सुमारे दोन फुटी तलवार घडवून घेतली, ती रशियाचा सम्राट अलेक्झांडर यास नजर करण्यासाठी. राजास शोभेल असे पाते म्हणजे आकाशातले पाते, ही कल्पना मोठी आकर्षक खरी. पण दाऊदाच्या ऐरणीने दोनशे वर्षांपूर्वीच सांगितले होते की, दुर्मिळ लोखंड म्हणजे चांगले पोलाद असे नाही.

फॅरडे व स्टोडार्ट यांनी हीच गोष्ट तराजू घेऊन तपासली. लोखंडात शेकडा तीन व दहा या प्रमाणात निकेल मिसळून त्यांनी कृत्रिम उल्कालोह केले. चांदी घातली, तेव्हा ती थोडीच विरघळते व उरलेली कणांच्या रूपाने बाहेर पडते असे दिसले. पाचशे भागांस एक भाग चांदी हे प्रमाण मात्र उत्तम बसले. प्लॅटिनम, पॅलेडियम, इरिडियम व ऑस्मियम यांची मिश्रणे झाली. वोलॅस्टन यांनी दुर्मिळ असे रोडियम पुरविले. त्याचे पोलाद फार कठीण, तरीही घणाखाली न फुटणारे निघाले. क्रोमियम शेकडा एक व तीन या प्रमाणात घालून पाहिले. तेही चांगले घडले आणि तेजाब लावताच त्यावर सुंदर लहरी उमटल्या. प्रत्येक तुकडा स्टोडार्ट स्वतः घडवून त्यास पाणी देई, धार लावी आणि मगच त्याविषयी मत देई. या श्रमांचे फळ १८२० व १८२२ सालच्या दोन निबंधांतून जगापुढे आले. दुसरा निबंध रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला.

शेफील्डच्या कारखान्यात यांतील काही मिश्रणे मोठ्या प्रमाणावर करून पाहण्यात आली. चांदीच्या पोलादास काही काळ बाजारही मिळाला. परंतु रोडियम आणि प्लॅटिनम यांचा खर्च कोणास परवडणार? १८२३ साली स्टोडार्ट वारले. जोडीदाराचा हात गेला आणि हे काम १८२४ नंतर थांबले. या पोलादाचे वस्तरे फॅरडे आपल्या मित्रांना भेट म्हणून देत. एवढ्या मोठ्या उद्योगाची दिसणारी खूण म्हणाल तर तीच राहिली.

मग हे श्रम फुकट गेले काय? मुळीच नाही. त्यांचे निबंध वाचून फ्रान्समध्ये बेर्तिए यांनी १८२१ साली क्रोमियमचे पोलाद करून त्याचा चाकू व वस्तरा घडविला. पॅरिसच्या टांकसाळीतील ब्रेआँ यांनी शेकडो प्रयोग करून १८२३ साली दाखविले की, लहरींचे मूळ कार्बनाच्या आधिक्यात आहे. रशियात उरल पर्वतातील झ्लातोउस्त येथील शस्त्रांच्या कारखान्याचे प्रमुख पावेल अनोसोव्ह यांनीही वेगवेगळ्या धातू मिसळून पाहिल्या आणि अखेरीस शुद्ध लोखंड, योग्य कार्बन व मुशीचे सावकाश निवणे यांतच सारे रहस्य आहे, हे जाणून लहरींची पाती प्रत्यक्ष घडविली. त्यांचा ग्रंथ १८४१ सालचा. १९९८ साली अमेरिकेत व्हर्होव्हन हे शास्त्रज्ञ व पेंड्रे हे लोहार या दोघांनी मिळून आणखी एक गोष्ट पुढे आणली: व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अगदी अल्प अंश जुन्या लोखंडात असल्यामुळे लहरी तशा ओळीने उमटत. येथेही शास्त्रज्ञ व लोहार यांची जोडी होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आज कोणी हौसेने किंवा समारंभासाठी तलवार घडवून घेऊ लागला तर त्यास काय सांगावे, याचेही उत्तर या इतिहासातून मिळते. लांब पात्यासाठी शेकडा अर्ध्यापासून पाऊण भागापर्यंत कार्बन असलेले, कमानींसाठी वापरतात तशा जातीचे पोलाद उत्तम. मोटारगाडीच्या कमानपाट्यांत थोडे क्रोमियम असलेले असे पोलाद असते. ते वाकून परत सरळ होते. गंज न चढणारे पोलाद भिंतीवर शोभते. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी ते १९१३ साली सिद्ध केले, त्यात क्रोमियम शेकडा दहाहून अधिक असते. परंतु घाव झेलणाऱ्या लांब पात्यास ते सहसा मानवत नाही. पोलाद कशासाठी हवे हे आधी विचारावे आणि मग कोणते हे ठरवावे.

स्टोडार्ट गेल्यावर फॅरडे विजेकडे वळले, तरी लोखंडाने त्यांची साथ सोडली नाही. २९ ऑगस्ट १८३१ रोजी ज्या कड्यावर तारा गुंडाळून त्यांनी विद्युत्प्रवर्तनाचा शोध लावला, ते कडे मऊ लोखंडाचे, सहा इंच व्यासाचे होते. मऊ लोखंड चुंबकत्व चटकन घेते व चटकन सोडते. पोलाद घेतल्यावर धरून ठेवते. त्या कड्याच्या जागी पोलाद असते तर गुण उतरला नसता. म्हणून तेथे मऊ लोखंड, आणि ज्या चुंबकाने पुढे ऑक्टोबरात तारेच्या वेटोळ्यात वीज खेळविली तो पोलादाचा. कोणत्या कामास कोणते लोखंड, हा बापाच्या दुकानातला प्रश्न असा जगाचे भाग्य पालटण्याच्या कामी आला.

पुढील कीर्ती सर्वश्रुत आहे. विद्युत्पृथक्करणाचे नियम, प्रकाशावर चुंबकाचा परिणाम, मुलांसाठी मेणबत्तीवर दिलेली व्याख्याने, हे सारे त्यांनी त्याच इमारतीत राहून केले. सरदारकीची पदवी त्यांनी घेतली नाही; रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद पुढे आले असता नाकारले. १८४१ साली प्रकृतीस विश्रांती म्हणून ते स्वित्झर्लंडात गेले होते. तेथे एका गावी खिळे घडविणाऱ्यांचे काम पाहात ते उभे राहिले आणि आपणांस लोहाराचे दुकान फार आवडते, कारण आपले वडील लोहार होते, अशा अर्थाची नोंद त्यांनी आपल्या दैनंदिनीत केली. तेव्हा ते युरोपातील पहिल्या प्रतीचे शास्त्रज्ञ गणले जात होते. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे त्यांचे निधन झाले व त्यांच्याच इच्छेप्रमाणे हायगेट येथे अगदी साधेपणाने त्यांचे दफन झाले.

त्यांच्या पोलादाची गोष्ट मात्र तेवढ्याने संपली नाही. त्यांचे नाव लिहिलेली एक जुनी लाकडी पेटी राहून गेली होती. तीत पोलादाचे ७९ तुकडे होते. शतकानंतर सर रॉबर्ट हॅडफील्ड यांनी ते तपासले व १९३१ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. स्वतः हॅडफील्ड मँगेनीज पोलादाचे जनक. त्यांनी फॅरडे यांस मिश्रपोलादाच्या विद्येचे आद्य प्रवर्तक मानले. पेटी, वह्या आणि छापील निबंध शिल्लक होते म्हणून शंभर वर्षांनी हे घडू शकले. फॅरडे यांनी १८२० पासून चार दशके ठेवलेल्या प्रयोगांच्या वह्यांत सोळा हजारांहून अधिक क्रमांकित परिच्छेद आहेत. फसलेले प्रयोगही त्यांत तितक्याच काळजीने लिहिलेले आहेत.

आता दुसरी बाजू पाहावी. ज्या हिंदी लोहारांच्या चकतीने ही सारी धडपड सुरू केली, त्यांच्यापैकी एकाचेही नाव स्कॉट यांच्या नमुन्यांबरोबर लंडनास गेले नाही. पुढे विलायती पोलाद स्वस्त झाले, जंगलातील कोळसा मिळेनासा झाला, १८७८ च्या कायद्याने शस्त्रांवर बंदी आली, आणि मुशीच्या भट्ट्या एकामागून एक विझल्या. एकोणिसावे शतक संपण्याच्या सुमारास ही विद्या जवळजवळ लोप पावली. ती कमी प्रतीची होती म्हणून नव्हे. ती बापाच्या हातातून मुलाच्या हातात जाई, कागदावर कधी उतरली नाही. आणि ज्यांच्या हाती लेखणी होती ते भट्टीजवळ बसावयास तयार नव्हते. हात व लेखणी यांच्यामधील ही भिंत आपल्या समाजरचनेने उभी केली, आणि तिचे मोल आपणच दिले.

फॅरडे यांच्या देशातही गरिबी होती, उच्चनीच भाव होता. डेव्हींच्या पत्नीचे वागणे आम्ही वर सांगितलेच आहे. परंतु तेथे लोहाराच्या एका मुलाने दुसऱ्यास व्याख्यानाचे शिलिंग दिले, शस्त्रकार शास्त्रज्ञाच्या भट्टीपाशी बरोबरीच्या नात्याने उभा राहिला, आणि दोघांची नावे एकाच निबंधावर छापली गेली. आपल्या घराघरांतून अजूनही असे वृद्ध कारागीर आहेत, ज्यांना तापलेल्या लोखंडाचा रंग पाहून आच कळते, कोणत्या पात्यास तेलाचे पाणी द्यावे व कोणत्यास साधे हे समजते. त्यांची मुले-नातवंडे आता शिकली आहेत, काही यंत्रशास्त्राच्या पदव्या घेऊन मोठ्या कारखान्यांत आहेत. त्यांनी सुटीत घरी आल्यावर आजोबांजवळ बसावे, ते सांगतील ते तारीखवार वहीत उतरून घ्यावे, शक्य तेथे तुकड्याची पारख प्रयोगशाळेत करून घ्यावी, आणि त्या वहीवर आजोबांचे नाव आपल्या नावाआधी घालावे. तेवढे झाले तर विझलेल्या भट्ट्यांबरोबर गेलेले परत येणार नाही हे खरे. पण आज जे हातांत शिल्लक आहे ते तरी हातांबरोबर जाणार नाही.